केव्हीएमवर स्वतःचा व्हीएमएम लिहिताय? इंटरप्ट गेस्टपर्यंत नीट कसा पोचवायचा

केव्हीएमवर (लिनक्स कर्नलमधला हायपरवायझर) छोटासा व्हीएमएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला की सुरुवातीचं काम पटापट होतं. मेमरी मॅप करायची, रजिस्टर भरायची, केव्हीएम_रन मारायचं, गेस्ट (आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) पोर्टवर अक्षरं लिहितो आणि ती टर्मिनलवर दिसतात, मजा येते. खरी गाडी अडते ती इंटरप्टपाशी, म्हणजे डिव्हाइस प्रोसेसरला ‘माझ्याकडे बघ’ अशी हाक मारतं तिथे. गेस्ट बूट होता होता मध्येच गप्प बसतो, एरर काही नाही, लॉगमध्ये काही नाही, आणि परत चालवलं तर कधी पुढे जातो कधी नाही. अशा वेळी लोक डिव्हाइसच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात, पण माझ्या मते आधी एकच गोष्ट विचारायची: ह्या क्षणी हा इंटरप्ट कोणाच्या ताब्यात आहे, माझ्या प्रोसेसच्या का कर्नलच्या? बहुतेक हँग असे असतात की दोघांनाही वाटतंय तो दुसऱ्याकडे आहे, किंवा दोघंही एकाच लाइनवर आपापलं राज्य चालवतायत. खाली जे काही सांगतोय ते सगळं ह्या एका प्रश्नाला धरून वाचा. बोलतोय मुख्यतः एक्स८६ लिनक्सबद्दल, आर्मचं शेवटाकडे थोडं आहे.

आधी चिप कुठे राहणार ते ठरवा. एक्स८६ वर इंटरप्ट वाटणारी तीन पात्रं आहेत: जुना ८२५९ पिक, आयओ एपिक, आणि प्रत्येक व्हीसीपीयूचा (गेस्टचा व्हर्च्युअल प्रोसेसर) लोकल एपिक. केव्हीएम तुम्हाला तीन पर्याय देतं. केव्हीएम_क्रिएट_आयआरक्यूचिप मारलं तर तिन्ही कर्नलमध्ये. केव्हीएम_कॅप_स्प्लिट_आयआरक्यूचिप चालू केलं तर लोकल एपिक कर्नलमध्ये आणि पिक, आयओ एपिक तुमच्याकडे. काहीच केलं नाही तर सगळंच तुमच्याकडे. हे व्हीसीपीयू बनवायच्या आधी ठरवावं लागतं, नंतर आयआरक्यूचिप बनवायला गेलात तर कर्नल सरळ नाही म्हणतं. नवीन माणसाला माझा सल्ला आहे की सगळं कर्नलमध्ये ठेवून सुरू करा, आणि प्रोजेक्ट मोठा व्हायला लागला की स्प्लिटकडे जा, कारण पिक आणि आयओ एपिकसारखी जुनी चिप कर्नलमध्ये चालवणं म्हणजे अविश्वासू गेस्टला कर्नलमधला तेवढाच जास्त कोड हाताशी देणं.

तरीपण सगळं यूजर स्पेसमध्ये (तुमच्या प्रोसेसमध्ये) असतं तेव्हा काय करावं लागतं ते एकदा समजून घ्याच, मूळ मेकॅनिझम तिथेच उघडा दिसतो.

तिथे हाताशी आहे केव्हीएम_इंटरप्ट. ह्याला लाइन नंबर द्यायचा नसतो, व्हेक्टर द्यायचा असतो, म्हणजे गेस्टच्या आयडीटीमधला (इंटरप्ट हँडलरचं टेबल) कितवा दरवाजा ठोठवायचा तो. आणि हा व्हीसीपीयूचा आयओसीटीएल (कर्नलला मारायचा कॉल) आहे, व्हीएमचा नाही, त्यामुळे तो त्याच व्हीसीपीयूच्या थ्रेडमधून मारायचा. दुसऱ्या थ्रेडमधून मारलात तर एक्स८६ वर तो व्हीसीपीयूच्या लॉकवर अडकून बसतो, आणि तो लॉक केव्हीएम_रन परत येईपर्यंत सुटत नाही, म्हणजे ज्याला जागं करायला निघालात त्याच्याच दाराशी तुम्ही थांबून राहता. शिवाय हा कॉल लगेच काही डिलिव्हर करत नाही, फक्त पुढच्या केव्हीएम_रनसाठी रांगेत लावतो. आधीच एक रांगेत असेल तर ई-एक्झिस्ट मिळतो. पिक कर्नलमध्ये असेल तर ईएनएक्सआयओ.

लूप असा लिहायचा. केव्हीएम_रनमध्ये शिरायच्या आधी बघा की काही पेंडिंग आहे का. असेल, तर केव्हीएम_रन स्ट्रक्चरमधलं रेडी_फॉर_इंटरप्ट_इंजेक्शन आणि आयएफ_फ्लॅग दोन्ही एक आहेत का ते बघा, कारण गेस्टने सीएलआय (इंटरप्ट बंद) केलेलं असू शकतं किंवा नुकतंच एसटीआय (इंटरप्ट चालू) करून पुढची एक इन्स्ट्रक्शन व्हायची बाकी असू शकते. दोन्ही एक असतील तरच आपल्या पिककडून व्हेक्टर मागा आणि केव्हीएम_इंटरप्ट मारा. नसतील, किंवा एक देऊनही अजून पेंडिंग उरलं असेल, तर रिक्वेस्ट_इंटरप्ट_विंडो एक करा, मग गेस्ट इंटरप्ट घ्यायला तयार झाला की कर्नल केव्हीएम_एक्झिट_आयआरक्यू_विंडो_ओपन देऊन बाहेर येतं आणि तुम्ही लूपच्या डोक्यावर परत येता. काहीच पेंडिंग नसेल तर तो फ्लॅग शून्य करायला विसरू नका, नाहीतर गेस्ट उगाचच सारखा बाहेर येत राहील आणि सगळं संथ होईल.

ह्यात एक बारीक पण जीवघेणी गोष्ट आहे. पिककडून व्हेक्टर मागणं ही नुसती चौकशी नाही, ते अॅक्नॉलेज आहे. त्या क्षणी पिकमध्ये तो इंटरप्ट पेंडिंगमधून इन-सर्व्हिसमध्ये जातो. मग तुम्ही आधी व्हेक्टर काढला, नंतर लक्षात आलं की गेस्ट तयार नाही, आणि व्हेक्टर टाकून दिला, तर तो इंटरप्ट आता ना पिककडे पेंडिंग आहे ना व्हीसीपीयूकडे, आणि वर ईओआय (काम संपल्याची गेस्टची पोच) कधीच येणार नसल्यामुळे त्याच्या खालच्या प्रायॉरिटीच्या सगळ्या लाइनी बंद. म्हणून तयारी आधी तपासायची आणि व्हेक्टर शेवटी काढायचा. काढला की द्यायचाच.

आता किक. डिव्हाइस वेगळ्या थ्रेडमध्ये आहे, त्याने पेंडिंग फ्लॅग लावला, पण व्हीसीपीयू थ्रेड गेस्टमध्ये मस्त पळतोय, त्याला बाहेर काढायचं कसं? सिग्नल पाठवून, पीथ्रेड_किल. गेस्टमध्ये असेल तर तो बाहेर येतो आणि केव्हीएम_रन ईआयएनटीआर देतं. सिग्नलला हँडलर लावलेला असायलाच हवा, इग्नोर केलेला सिग्नल कोणालाही उठवत नाही.

पण रेस बघा: व्हीसीपीयू थ्रेडने पेंडिंग तपासलं, काही नव्हतं, आता तो केव्हीएम_रन मारणार एवढ्यात डिव्हाइसने फ्लॅग लावला आणि सिग्नल पाठवला. हँडलर चालला, संपला, आणि त्यानंतर थ्रेड केव्हीएम_रनमध्ये शिरला. सिग्नल वापरून झाला, इंटरप्ट पेंडिंगच, आणि गेस्ट आत झोपलेला किंवा भलतंच काही करत असलेला. दुसऱ्या कुठल्यातरी कारणाने तो बाहेर येईपर्यंत तुमची पॅकेट पडून राहणार. हा बग शंभरातून एखाद्या वेळी दिसतो आणि डीबगर लावला की गायब होतो.

जुना उपाय म्हणजे केव्हीएम_सेट_सिग्नल_मास्क, सिग्नल एरवी ब्लॉक ठेवायचा आणि फक्त केव्हीएम_रनच्या आत उघडायचा. चालतो, पण जास्त व्हीसीपीयू असले की महाग पडतो. आजचा उपाय म्हणजे केव्हीएम_रन स्ट्रक्चरमधलं इमीजिएट_एक्झिट. सिग्नल हँडलरमध्ये फक्त ते एक करायचं. केव्हीएम_रन सुरू होताना कर्नल ते एकदा वाचतं, शून्य नसेल तर गेस्टमध्ये न शिरता तिथूनच ईआयएनटीआर देऊन परत. म्हणजे सिग्नल आधी आला काय नि नंतर आला काय, हरवत नाही. हँडलरला आपल्या थ्रेडचा रन पॉइंटर हवा असतो, तो थ्रेड-लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा. नुसतं दुसऱ्या थ्रेडमधून इमीजिएट_एक्झिट लिहून भागत नाही हेही सांगून ठेवतो, कारण ते फक्त शिरतानाच वाचलं जातं, आत असलेल्याला सिग्नलच लागतो.

आणि क्रम सांभाळा. बाहेर आलात की आधी इमीजिएट_एक्झिट शून्य करा, मग पेंडिंग तपासा. उलट केलंत, म्हणजे आधी तपासलं आणि मग शून्य केलं, तर मधल्या फटीत आलेली किक तुम्ही स्वतःच्या हाताने पुसली.

एचएलटीचं (काम नसताना प्रोसेसर झोपवायची इन्स्ट्रक्शन) गणित पण ह्यावरच अवलंबून आहे. लोकल एपिक कर्नलमध्ये असेल तर गेस्टचं एचएलटी कर्नलच सांभाळतं, केव्हीएम_रन आतच झोपतं आणि इंटरप्ट आला की आपोआप उठतं, तुमच्यापर्यंत काही येत नाही. लोकल एपिक तुमच्याकडे असेल तर केव्हीएम_एक्झिट_एचएलटी येतं आणि झोपणं उठणं तुम्हाला कंडिशन व्हेरिएबलवर करावं लागतं, लॉक धरून पेंडिंग परत एकदा तपासूनच झोपायचं, नाहीतर वरचीच रेस नवीन कपड्यात.

आता सगळं कर्नलमध्ये असेल तेव्हाची गोष्ट. इथे तुम्ही व्हेक्टर देत नाही, लाइन हलवता. केव्हीएम_आयआरक्यू_लाइन हा व्हीएमचा आयओसीटीएल आहे, कुठल्याही थ्रेडमधून मारा, व्हीसीपीयूला किक मारायचं काम कर्नल स्वतः करतं, सिग्नल वगैरे काही लागत नाही. द्यायचे दोन आकडे, जीएसआय (इंटरप्ट लाइनचा नंबर) आणि लेव्हल. लेव्हल एक म्हणजे लाइन लागली, शून्य म्हणजे सुटली, खऱ्या हार्डवेअरवर ती पिन अॅक्टिव्ह-लो असली तरीही, पोलॅरिटीचा विचार इथे करायचा नाही. आयआरक्यूचिप बनवताना कर्नल डीफॉल्ट राउटिंग पण लावून देतं, जीएसआय ० ते १५ पिक आणि आयओ एपिक दोन्हीकडे, १६ ते २३ फक्त आयओ एपिककडे.

एज आणि लेव्हलचा फरक इथे नीट डोक्यात बसायला हवा. एज म्हणजे दाराची बेल एकदा वाजवून हात काढला, लेव्हल म्हणजे कोणी दार उघडून काम करेपर्यंत बटण दाबून धरलं. एजसाठी एक आणि लगेच शून्य असे दोन कॉल मारायचे. नुसतं एक करून ठेवलंत तर पहिला इंटरप्ट जाईल आणि दुसऱ्यांदा परत एक लिहाल तेव्हा लाइन आधीच वर असल्यामुळे काहीच होणार नाही, आणि सिरियल कन्सोल अर्ध्या ओळीवर थांबण्यामागे हे कारण वारंवार निघतं. लेव्हलसाठी उलटं, डिव्हाइसची अट जोपर्यंत खरी आहे तोपर्यंत एक, आणि गेस्टने स्टेटस रजिस्टर वाचून किंवा अॅक लिहून ती अट मिटवली की शून्य. शून्य करायला विसरलात तर गेस्टने ईओआय दिला रे दिला की इंटरप्ट परत येतो, ड्रायव्हर म्हणतो माझं काही काम नाही, असं एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० वेळा झालं की गेस्टमधला लिनक्स ‘नोबडी केअर्ड’ असा मेसेज टाकून ती लाइनच बंद करतो. तो मेसेज दिसला की थेट डिअसर्टच्या (लाइन शून्य करायच्या) कोडकडे जा.

लेव्हल डिव्हाइससाठी एकच फंक्शन लिहा, जे स्टेटस आणि मास्कचं अँड घेऊन लाइन काय असायला हवी ते काढतं आणि बदल असेल तरच आयओसीटीएल मारतं, आणि डिव्हाइसचा लॉक आयओसीटीएल संपेपर्यंत धरून ठेवा. लॉक आधी सोडलात तर एक थ्रेड ‘एक’ आणि दुसरा ‘शून्य’ असं ठरवून उलट्या क्रमाने कर्नलमध्ये पोचू शकतात, मग तुमच्या हिशोबात लाइन खाली आणि कर्नलच्या हिशोबात वर.

दोन डिव्हाइस एकाच लाइनवर असतील तर अजून एक सापळा. केव्हीएम_आयआरक्यू_लाइनमधून येणारे सगळे कॉल कर्नल एकाच सोर्सचे धरतं, कोणत्या डिव्हाइसने लाइन धरली आहे हे त्याला माहीत नसतं. एकाने एक केलं, दुसऱ्याने आपलं काम झालं म्हणून शून्य केलं, की पहिल्याचा इंटरप्ट पण गेला. तर हा ऑर तुमच्याकडेच घ्यायचा, प्रत्येक लाइनसाठी कोणकोण धरून बसलंय ह्याचा बिटमॅप ठेवा. साधा आयआरक्यूएफडी (फाइल डिस्क्रिप्टरवर लिहून वाजवायचा इंटरप्ट, खाली येतोच) पण त्याच सोर्सखाली एक-शून्य करतो, त्यामुळे लेव्हल धरून ठेवलेल्या लाइनवर साधा आयआरक्यूएफडी जोडू नका.

शक्य असेल तिथे ह्या लाइनींच्या भानगडीत न पडता एमएसआय वापरा. एमएसआय म्हणजे एका ठराविक पत्त्यावर केलेलं एक राइट, पत्त्यात कोणत्या लोकल एपिकला जायचं ते आणि डेटाच्या खालच्या ८ बिटांत व्हेक्टर. धरून ठेवायचं सोडायचं काही नाही. केव्हीएम_सिग्नल_एमएसआयला पत्ता आणि डेटा द्या, काम झालं. उत्तर शून्यापेक्षा मोठं आलं तर पोचला, शून्य आलं तर गेस्टने अडवलाय. दोन गोष्टी मात्र तुमच्याकडे राहतात. एक, एमएसआय-एक्सचं (एमएसआयचं अनेक व्हेक्टरवालं रूप) मास्क टेबल तुम्ही एम्युलेट करताय, कर्नलला त्याचा पत्ता नाही, त्यामुळे मास्क असताना काही घडलं तर पेंडिंग बिट तुम्ही लावायचा आणि अनमास्क झाल्यावर तुम्हीच पाठवायचं. दोन, लोकल एपिकमध्ये प्रत्येक व्हेक्टरला पेंडिंगचा एकच बिट असतो, गेस्टने घ्यायच्या आत तोच व्हेक्टर दोनदा पाठवला तर एकच पोचतो. म्हणून इंटरप्ट मोजून कामं मोजायची नाहीत, ड्रायव्हरने रांग रिकामी होईपर्यंत वाचायची.

वेग हवा असेल तर आयआरक्यूएफडी. एक इव्हेंटएफडी (कर्नलमध्ये एक आकडा साठवणारा फाइल डिस्क्रिप्टर) घ्या, केव्हीएम_आयआरक्यूएफडीने तो एका जीएसआयला जोडा, मग कोणीही त्यावर ८ बाइट लिहिले की इंटरप्ट कर्नलच्या आतूनच जातो. लिहिणारा तुमचा थ्रेड असेल किंवा कर्नलमधला व्हीहोस्ट (व्हर्टिओ डिव्हाइसचं काम कर्नलमध्येच करणारा भाग) असेल, व्हीहोस्टच्या बाबतीत तर तुमची प्रोसेस मध्ये येतच नाही. उलट दिशेला आयओइव्हेंटएफडी, गेस्टने डोअरबेल पत्त्यावर लिहिलं की कर्नल इव्हेंटएफडी वाजवतं आणि गेस्ट यूजर स्पेसपर्यंत न येता पुढे चालू लागतो. ही जोडी २.६.३२ कर्नलपासून आहे, बिनधास्त वापरा.

एमएसआय आयआरक्यूएफडीवर न्यायचा तर आधी जीएसआय राउटिंगमध्ये त्याची ओळ हवी, जीएसआय २४ किंवा पुढचा, टाइप एमएसआय, पत्ता आणि डेटा. इथे सांभाळा: केव्हीएम_सेट_जीएसआय_राउटिंग टेबलात भर घालत नाही, अख्खं टेबल बदलतं. तुम्ही फक्त आपली एक नवीन ओळ पाठवली तर डीफॉल्टच्या सगळ्या ओळी उडाल्या आणि टायमर, सिरियल सगळं मुकं झालं. त्यामुळे पूर्ण टेबल स्वतःकडे ठेवा, बदल त्यात करा आणि दरवेळी पूर्णच पाठवा. क्रम असा की आधी राउटिंग, मग आयआरक्यूएफडी. गेस्टने व्हेक्टर मास्क केला तर आयआरक्यूएफडी काढून टाका, तेवढ्यात कोणी इव्हेंटएफडीवर लिहिलं तरी काही जात नाही, आकडा इव्हेंटएफडीमध्येच साठून राहतो, आणि परत जोडताना कर्नल आधी काही साठलंय का ते बघून लगेच इंजेक्ट करतं. म्हणजे मास्कच्या काळात ताबा इव्हेंटएफडीकडे, फारच छान डिझाइन आहे हे. फक्त मधल्या काळात तुम्ही स्वतः तो वाचून रिकामा करू नका, आणि केलात तर पेंडिंग बिट लावायची जबाबदारी तुमची.

लेव्हल लाइन आयआरक्यूएफडीवर हवीच असेल तर रिसॅम्पल फ्लॅग लावून दुसरा इव्हेंटएफडी द्या. पहिल्यावर लिहिलं की कर्नल लाइन वर धरून ठेवतं, गेस्टचा ईओआय आला की स्वतःच खाली करतं आणि दुसरा इव्हेंटएफडी वाजवून सांगतं की परत बघा. अट अजून खरी असेल तर तुम्ही परत लिहायचं. खऱ्या पीसीआय डिव्हाइसची जुनी आयएनटीएक्स लाइन व्हीएफआयओमधून (खरं डिव्हाइस गेस्टच्या हाती द्यायची लिनक्सची सोय) देताना हाच मार्ग लागतो.

स्प्लिटमध्ये गेलात तर आयओ एपिक तुमचा. त्याच्या रीडायरेक्शन टेबलमधली ओळ एमएसआयमध्ये बदलून केव्हीएम_सिग्नल_एमएसआयने पाठवायची, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच ओळी जीएसआय राउटिंगमध्ये पण लिहाव्या लागतात, कारण कोणत्या व्हेक्टरचा ईओआय तुम्हाला कळवायचा आहे हे कर्नल तिथूनच ओळखतं. लिहिल्या असतील तर केव्हीएम_एक्झिट_आयओएपिक_ईओआय येतं, तेव्हा रिमोट आयआरआर (‘पाठवलाय, ईओआय बाकी’ असं सांगणारा त्या ओळीतला बिट) पुसा आणि लाइन अजून वर असेल तर परत पाठवा. नसतील लिहिल्या तर लेव्हल इंटरप्ट बरोब्बर एकदा येतो आणि मग कायमचा गप्प.

अडकलात तर अंदाज लावत बसू नका, होस्टवर केव्हीएमचे ट्रेसपॉइंट (कर्नलमधल्या घटनांची नोंद करणाऱ्या जागा) चालू करा. साखळी वाचायची ती अशी: केव्हीएम_सेट_आयआरक्यू किंवा केव्हीएम_एमएसआय_सेट_आयआरक्यू दिसतच नसेल तर तुमच्याकडून कॉलच गेला नाही. तो दिसतोय पण केव्हीएम_एपिक_अॅक्सेप्ट_आयआरक्यू नाही, तर राउटिंग चुकलंय किंवा गेस्टने आयओ एपिकची पिन मास्क केली आहे. अॅक्सेप्ट आहे पण केव्हीएम_इंज_व्हीआयआरक्यू नाही, तर गेस्टने इंटरप्ट बंद ठेवलेत, प्रायॉरिटी वर ठेवली आहे किंवा तुमचा थ्रेड केव्हीएम_रनमध्ये गेलाच नाही. इंजेक्ट झाला पण केव्हीएम_ईओआय नाही, तर गेस्टच्या हँडलरमध्ये बघा. एक अट आहे, प्रोसेसर स्वतः एपिक व्हर्च्युअलाइज करत असेल तर शेवटचे टप्पे हार्डवेअरच उरकतं आणि ट्रेसमध्ये येत नाहीत, तेव्हा इंटेलवर मॉड्यूल एनेबल_एपिकव्ही बंद करून लोड करा, मग सगळं दिसेल. गेस्टच्या आत प्रॉक-इंटरप्ट्समधला आकडा वाढतोय का ते तर पहिल्यांदा बघायचंच.

आर्मवर केव्हीएम_आयआरक्यू_लाइन तेच, पण त्या एका आकड्यात टाइप, व्हीसीपीयू आणि आयडी असे तीन तुकडे भरायचे असतात, आणि जीआयसी (आर्मची इंटरप्ट चिप) केव्हीएम_क्रिएट_डिव्हाइसने वेगळा बनवावा लागतो. तिथे एसपीआयचा (सगळ्या व्हीसीपीयूंत सामायिक इंटरप्ट) आयडी ३२ पासून सुरू होतो, पण राउटिंगमधली पिन ० पासून, कर्नल ३२ स्वतः मिळवतं. लाइनसाठी मिळवायचे आणि आयआरक्यूएफडीसाठी नाही मिळवायचे, एवढं लक्षात ठेवलं की पुष्कळ वेळ वाचतो.

स्नॅपशॉट घेताना ताब्याचा प्रश्न परत येतो. आधी डिव्हाइस थांबवा, मग सगळ्या व्हीसीपीयूंना किक मारा. ज्या व्हीसीपीयूचा पोर्ट किंवा एमएमआयओचा (मेमरीच्या पत्त्यातून डिव्हाइसशी बोलणं) एक्झिट अर्धवट आहे तो पुढच्या केव्हीएम_रनमध्येच पूर्ण होतो, म्हणून इमीजिएट_एक्झिट एक करून एकदा केव्हीएम_रन मारा, गेस्ट पुढे सरकत नाही पण उरलेलं काम संपतं. त्यानंतर लोकल एपिक, आयआरक्यूचिप आणि केव्हीएम_गेट_व्हीसीपीयू_इव्हेंट्स तिन्ही वाचा, शेवटच्यात इंजेक्ट होता होता राहिलेला इंटरप्ट आणि एसटीआयची सावली (एसटीआयनंतरची ती एक इन्स्ट्रक्शन बाकी असल्याची खूण) असते, ते सोडलं तर रिस्टोअरनंतर एखादा इंटरप्ट कमी भरतो. जोडीला तुमच्या लाइनींचे बिटमॅप, एमएसआय-एक्सचे पेंडिंग बिट आणि इव्हेंटएफडीत साठलेले आकडे. इव्हेंटएफडी स्वतः स्नॅपशॉटमध्ये जात नाही, तर त्यात काही असेल ते वाचून पेंडिंग म्हणून नोंदवा, आणि रिस्टोअर करताना राउटिंग लावून आयआरक्यूएफडी जोडल्यावर तेवढे परत लिहून द्या.